नकाशा शिकवताना आधी नदी, मग सीमारेषा

सहावी ते आठवीच्या वर्गात नकाशा बऱ्याचदा गावांची नावं भरण्यापुरताच उरतो. तो वाचायला दिशा, प्रमाण, सूची आणि समोच्च रेषा या चार गोष्टी यायला हव्यात. सीमाभागातल्या शिक्षकांना त्यासाठी खानापूर तालुका चांगला उपयोगी पडतो.

मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते, पूर्वेला वाहत कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. असं का, हे मुलांनी समोच्च रेषांवरून शोधावं. मधला डोंगरमाथा सापडला की ‘जलविभाजक’ शब्द पाठ करावा लागत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. नदी वळणाची असल्यानं तिच्यावर दोरा ठेवून तो पट्टीवर मोजायचा. निळा रंग पाण्याचा, तपकिरी समोच्च रेषांचा.

राजकीय नकाशा शेवटी घ्यावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका सोडून, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी मांडावा. सीमावाद वर्गात सुटणार नाही. पण घरात रोज ऐकू येणारी ही रेषा कधी आणि कोणत्या निर्णयानं आली, हे मुलांना स्वतः वाचता यायला हवं.