परळ ते न्यू ऑर्लिन्स : रक्ताच्या कर्करोगावरील औषधाची कुळकथा



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे डोळ्यांपुढे उभी राहतात. डॉक्टरांच्या परिषदेला इतिहासात कोणी जागा देत नाही. परंतु एखाद्या सभागृहात दहा-पंधरा मिनिटांत वाचलेला एक निबंध कित्येकदा मोठ्या लढाईहून अधिक माणसांच्या आयुष्याची दिशा बदलतो. अशाच एका परिषदेची आणि तिच्या मागच्या-पुढच्या घटनांची हकीकत आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत. आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता जे वाचले आणि पडताळून पाहिले, त्यावरच हे विवेचन उभे आहे. तथापि औषधाचा इतिहास हा केवळ डॉक्टरांचा नसतो, तो रोग्यांचाही असतो. आणि रोग्यांत कष्टकऱ्यांचीच गर्दी अधिक. एवढ्या नात्याने हा विषय मांडण्याचा आमचा अधिकार आपण मान्य कराल अशी आशा आहे.

अमेरिकेतील रक्तरोगतज्ज्ञांच्या संस्थेचे पहिले वार्षिक अधिवेशन १९५८ साली अटलांटिक सिटी येथे भरले. पुढे हा मेळावा एवढा वाढला की आज जगभरातून वीस हजारांवर तज्ज्ञ त्याला येतात. १९९९ च्या डिसेंबरात हे अधिवेशन न्यू ऑर्लिन्स येथे भरले असता ब्रायन ड्रुकर नावाच्या डॉक्टराने एका नव्या गोळीचा अनुभव सांगितला. रोग होता दीर्घ मुदतीचा रक्तकर्करोग, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. आधीच्या उपचारांना दाद न देणारे रोगी निवडले होते. त्यांपैकी ज्या ३१ जणांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिली, त्या एकूण एक ३१ जणांच्या रक्तातील पेशींची गणना पूर्ववत झाली होती. कर्करोगाच्या चर्चेत दहापैकी दोघा-तिघांना उतार पडला तरी समाधान मानण्याची रीत. तेथे एकतीसपैकी एकतीस! या गोळीचे नाव इमॅटिनिब.

हा रोग आहे तरी काय? आपल्या हाडांच्या पोकळीतील मगज हा रक्ताचा कारखाना होय. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी पहारा करतात. किती माल काढावयाचा याचे त्या कारखान्याला पक्के माप असते. हे माप बिघडून पांढऱ्या पेशी बेसुमार आणि अर्धवट घडणीच्या निघू लागल्या, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. १८४५ साली बर्लिनच्या विर्शो या डॉक्टराने असे रक्त पाहिले आणि दोन वर्षांनी त्याला ‘ल्युकेमिया’, म्हणजे ‘पांढरे रक्त’, असे नाव दिले. रोगाला नाव मिळाले, उपाय मिळाला नाही. पुढची जवळजवळ शंभर वर्षे सोमलाचे द्रावण आणि क्ष-किरण यांपलीकडे फारसे काही डॉक्टरांच्या हाती नव्हते. आणि लहान मुलांना होणाऱ्या जलद प्रकारात तर मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे.

या अंधारात पहिली वाट कोठून फुटली, हे पाहण्यासाठी आपणांस अमेरिका सोडून मुंबईत, परळला यावे लागते.

१९२८ हे साल मुंबईच्या कामगाराला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. आणि त्याच १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाली. गरोदर बायांचे मृत्यू कशाने होतात याची चौकशी तेव्हा डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने चालू होती. त्या कामी तिला बोलावले होते.

त्या काळी गिरण्यांच्या रीळ आणि वाइंडिंग खात्यांत हजारो बाया राबत. गरोदरपणात त्यांच्यापैकी कित्येकींचे रक्त उतरे. तोंड पांढरे पडे, पाय सुजत, धाप लागे. काही जणी बाळंतपणात जात. दैवाने नेले, दृष्ट लागली, असे म्हणून घरचे गप्प बसत. विल्सने दैवाकडे न पाहता ताटाकडे पाहिले. तळपदे यांच्यासह तिने मुंबईतील निरनिराळ्या थरांतील बायांच्या खाण्याची आणि राहण्याची पाहणी केली. हा पंडुरोग गरिबांच्या घरी अधिक, आणि त्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध नावापुरते, हे तिच्या ध्यानात आले. मग निकस अन्नावर ठेवलेल्या जनावरांवर तिने प्रयोग केले. अखेर मार्माइट या स्वस्त पदार्थाने गुण आला. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा अर्क. रोगी बायांना तो दिला तेव्हा रक्त भरू लागले. १९३१ साली तिने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रक्त घडविणारे जे अज्ञात द्रव्य त्या अर्कात होते, त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून असेच एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले, आणि विल्सचे द्रव्य ते हेच, असे पुढे ठरले. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर जी गोळी देतात तिच्यात तेच असते.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. विल्सचे नाव ग्रंथांत आले आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या बायांनी सुई टोचून घेऊन रक्त दिले आणि आपल्या चुलीवर काय शिजते ते परक्या बाईला सांगितले, त्यांची नावे ग्रंथांत आली नाहीत. मस्टरवर त्यांचा एक आकडा होता, शास्त्रातही तेवढाच राहिला. त्यांच्या अशक्त शरीरांवाचून ही विद्या पुढे सरकली नसती, हे मात्र विसरता येणार नाही.

आता बोस्टनकडे वळू. तेथील बालरुग्णालयात सिडनी फार्बर हा रोगनिदानतज्ज्ञ होता. फॉलिक ॲसिड रक्त घडविते, तर बिघडलेले रक्तही ते सुधारील, अशा अपेक्षेने त्या वर्गातील द्रव्ये रक्तकर्करोगाच्या मुलांना देण्यात आली. परिणाम उलटा झाला. रोगाने अधिकच वेग घेतला. फार्बरने यातून नेमका धडा घेतला. हे द्रव्य म्हणजे रोगट पेशींचेही अन्न असेल, तर त्यांचे अन्न तोडणारे द्रव्य हवे. साच्यात खऱ्या धोट्यासारखाच दिसणारा पण मापात किंचित चुकीचा धोटा घातला तर तो अडकून साचा बंद पडतो. तद्वत् फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे पण पेशीच्या कामात अडकून बसणारे रसायन पाहिजे होते.

ते पुरविले आपल्याच एका देशबांधवाने. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे जन्मले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असता गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादी वापरली. गोरा प्राध्यापक रुष्ट झाला आणि त्यांना पूर्ण पदवीऐवजी खालचा दाखला मिळाला. १९२३ साली ते बोस्टनला पोचले. पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीला हमालाचे काम करून, रोग्यांची भांडी धुऊन, त्यांनी दिवसा अभ्यास केला. हार्वर्ड विद्यापीठात त्यांचे संशोधन नावाजले गेले, पण कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४५ साली फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीने तयार केले, आणि मग त्याची ‘चुकीच्या मापाची’ भावंडेही. त्यांतील अमिनॉप्टेरिन हे रसायन फार्बरने १९४७ च्या अखेरीस मुलांना देण्यास आरंभ केला. १९४८ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात १६ मुलांपैकी १० जणांना उतार पडल्याची नोंद आहे. अंथरुणाला खिळलेली मुले खेळू लागली. हा उतार टिकला नाही, काही महिन्यांत रोग परतला. पण रक्ताचा कर्करोग औषधाला दाद देतो, हे प्रथमच सिद्ध झाले. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. त्यांचे वय अवघे त्रेपन्न होते.

उतार टिकत का नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी पंधराएक वर्षे लागली. एका औषधाला रोगट पेशी चुकवीत. म्हणून फ्राय आणि फ्रायराइक या दोघा डॉक्टरांनी १९६० नंतर चार औषधे एकदम देण्याचा मार्ग धरला. एकट्या कामगाराचा अर्ज साहेब टोपलीत टाकतो, चार खाती मिळून उठली म्हणजे मात्र त्याला बोलणी करावी लागतात. तसाच हा प्रकार होता. त्या चारांतील एक औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढलेले होते. याच मार्गाने पुढे जात मेंफिसच्या रुग्णालयात पिंकेल यांनी १९७० च्या सुमारास निम्मी मुले बरी होऊ शकतात असे दाखविले. आज श्रीमंत देशांत दहातील सुमारे नऊ मुले बरी होतात.

मोठ्या माणसांच्या दीर्घ मुदतीच्या रक्तकर्करोगाची कथा निराळी आहे. १९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड यांना या रोग्यांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखविले की, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते घडते. या अदलाबदलीतून एक बेबंद प्रथिन उत्पन्न होते आणि तेच पेशींना ‘वाढा, वाढा’ असा अखंड हुकूम देत राहते. तेवढेच प्रथिन अडविणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब. चाचणी १९९८ साली सुरू झाली. गुण येतो आहे ही बातमी रोग्यांत पसरली, पण माल अपुरा होता. तेव्हा १९९९ साली रोग्यांनी तीन हजारांवर सह्यांचा अर्ज नोव्हार्टिस कंपनीकडे धाडून उत्पादन वाढविण्याची मागणी केली. न्यू ऑर्लिन्सच्या व्यासपीठावर जे यश झळकले, त्याच्या मागे रोग्यांचा हा रेटाही उभा होता. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

औषध सापडले. पण सापडणे आणि मिळणे यांत मोठे अंतर असते. ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षे रोज घ्यावी लागते. म्हणजे सापडली एकदा, मिळाली पाहिजे रोज. आपल्याकडे कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कारखान्यांची तीच गोळी आठ ते दहा हजारांत पडे. कंपनीने एकाधिकाराचा अर्ज केला. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला हरकत घेतली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कचेरीने अर्ज फेटाळला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निर्णय दिला की, जुन्या पदार्थाचे नवे रूप रोग्याला अधिक गुणकारी ठरल्याचे दिसत नाही, सबब पेटंट नाही. आधार होता २००५ साली कायद्यात सुधारलेल्या ३ (ड) या कलमाचा.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. संशोधनाला पैसा लागतो, आणि हजारो भारतीय रोग्यांना तिने गोळी फुकट दिली, हे खरे आहे. परंतु दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हक्क चालत नाही. बोनस ही मालकाची बक्षिसी की कामगाराचा वाटा, हा वाद ज्यांनी लढविला आहे त्यांना यातील फरक समजावून सांगण्याची गरज नाही. आणि ही तक्रार काही आम्हा कामगारांचीच नव्हे. त्याच २०१३ साली या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी, अमेरिकेच्या त्याच रक्तरोग संस्थेच्या नियतकालिकात, औषधांच्या किमतींविरुद्ध जाहीर आवाज उठविला. अमेरिकेत इमॅटिनिबचा वर्षाचा खर्च २००१ साली सुमारे ३० हजार डॉलर होता. २०१२ पर्यंत तो ९२ हजारांवर गेला. शोधाचा खर्च वसूल होत गेला तशी किंमत उतरावी, ती तिपटीने चढली!

आता पुन्हा परळ. हाफकिन संस्थेपासून हाकेच्या अंतरावर १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील डॉक्टर आणि पवईच्या आयआयटीतील संशोधक यांनी मिळून रोग्याच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखण्यास शिकवून, परत शरीरात सोडण्याची देशी उपचारपद्धती सिद्ध केली. २०२३ च्या ऑक्टोबरात तिला सरकारी मान्यता मिळाली. परदेशाच्या सुमारे एक दशांश खर्चात ती होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही तो खर्च लाखांच्या दुहेरी आकड्यात जातो. ज्याचा महिन्याचा पगार पंधरा-वीस हजार, त्याला एक दशांश आणि दहा दशांश यांत काय फरक?

परळच्या गिरण्या बंद पडल्या, चिमण्या गेल्या, त्या जागी उंच इमारती आल्या. परंतु टाटा रुग्णालयाच्या बाहेर, पदपथावर वळकट्या टाकून पडलेली खेड्यापाड्यांतील माणसे तेथेच आहेत. या औषधांची कुळकथा आपण पाहिली. तीत गिरणीतील बाया आहेत, रात्रपाळीचा हमाल आहे, बोस्टनची मुले आहेत आणि सह्या करणारे रोगी आहेत. ज्या मालाच्या घडणीत इतक्यांचे हात लागले, त्यावर एकट्याचीच मालकी कशी असेल? यापुढे रक्तरोगतज्ज्ञांच्या परिषदेची बातमी वाचाल, तेव्हा कितीजणांना गुण आला हे अवश्य पाहा; त्याबरोबर ते औषध किती जणांना मिळणार, हाही प्रश्न विचारा. विमा योजना, सरकारी रुग्णालये आणि कायदेमंडळ यांच्या दारी हा प्रश्न घेऊन जाण्याचे काम डॉक्टरांचे नव्हे, तुमचे-आमचे आहे.