घोड्यावरील पैज आणि कायद्याचे कुंपण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात कुस्ती व क्रिकेट यांना जे स्थान लाभले ते घोड्यांच्या शर्यतींना लाभले नाही. १८०२ मध्ये मुंबईत टर्फ क्लब स्थापन झाला, १८३० मध्ये पुण्यात शर्यतीचे मैदान तयार झाले आणि १८८३ मध्ये मुंबईच्या शर्यती भायखळ्याहून महालक्ष्मीला गेल्या. हे सारे सोलापूरकरांच्या दृष्टीने लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला होते. तथापि ज्या कायद्यांनी या शर्यतींना संरक्षण दिले ते सोलापुरासही लागू होते. प्रस्तुत लेखात शर्यतीपूर्वीची चर्चा आणि प्रत्यक्ष पैज यांत कायद्याने निर्माण केलेल्या अंतराचा विचार केला आहे.

महालक्ष्मी येथे फेब्रुवारीत होणारी इंडियन डर्बी ही चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची शर्यत होय. १९४३ मधील पहिल्या डर्बीत बडोद्याच्या महाराजांची 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी विजयी झाली. गायकवाडांची ही हौस येथेच थांबली नाही. त्यांच्या 'सयाजीराव' नामक घोड्याने १९४७ मध्ये इंग्लंडमधील सेंट लेजर जिंकली. अशा शर्यतीच्या आधी शौकिनांत रंगणाऱ्या चर्चेचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. घोड्याचा वंश, आधीची कामगिरी, पाठीवरील वजन, पहाटेच्या सरावातील वेळ, जॉकीचा हात आणि मैदानाची ओल या सर्वांचा हिशेब मांडला जातो. १६०० मीटरला वेगवान ठरलेला घोडा २४०० मीटरला दम टिकवील काय, हा त्यातील जुना वाद. ही चर्चा निरुपद्रवी वाटली तरी तिचे आर्थिक परिणाम असतात. टोट पद्धतीत सर्व पैसे एकत्र होतात, त्यातून कर व क्लबचा हिस्सा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. साहजिकच ज्या घोड्याचा गवगवा अधिक, त्यावर मिळणारा परतावा कमी. खरी टीप हाती असलेला मनुष्य म्हणूनच फार बोलत नाही!

१८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेला सशर्त सूट मिळाली. पैज शर्यतीच्याच दिवशी, मैदानातील राखीव आवारात आणि परवानाधारकाशी लावलेली असावी, अशा या अटी होत. १९१२ च्या कायद्याने मैदानांना परवाना आवश्यक केला आणि १९२५ मध्ये पैजेवर कर आला. या रचनेचा अर्थ स्पष्ट आहे. कुंपणाच्या आत लावलेला रुपया हा करपात्र व्यवहार. तोच रुपया सोलापुरातील एखाद्या चहाच्या दुकानात त्याच घोड्यावर लावला तर तो गुन्हा. घोडा, शर्यत आणि निकाल एकच असताना केवळ स्थान व ऐपत यांवरून नीती ठरावी, हे प्रस्तुत लेखकास समर्थनीय वाटत नाही.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. सोलापूर जिल्ह्यात घोडा धावताना पाहण्यासाठी लोटणारी गर्दी आषाढी वारीतील रिंगणाची असते. माळशिरस तालुक्यातील पुरंदावडे किंवा पंढरपूरजवळील बाजीराव विहीर येथे स्वाराचा आणि माउलींचा असे दोन अश्व धावतात. त्यांतील दुसऱ्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही. कोण पुढे गेला यावर कोणी पैसे लावीत नाही. लोक टापांखालची माती कपाळी लावतात. घोड्याच्या धावेचे आकर्षण पैजेवाचूनही टिकू शकते, एवढे यावरून म्हणता येते.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्न न्यायालयात गेला. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे ठरविले. पुढे तमिळनाडूतील लक्ष्मणन प्रकरणात १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. करव्यवस्थेने मात्र हा भेद फारसा मानलेला नाही. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. एवढा भार परवानाधारक खिडकीवर पडल्यास गिऱ्हाईक कुंपणाबाहेरच्या बुकीकडे वळण्याची शक्यता वाढते, आणि हा बुकी कोणताही कर भरीत नाही.