दहा शिलिंगांचे गाणे

माझा भाचा लहान असताना 'लायन किंग' हा सिनेमा पाहून आला की दिवसभर त्यातली एकच धून गुणगुणत घरभर फिरायचा. टिमॉन आणि पुम्बा जंगलातून चालताना सिंह झोपल्याचे जे गाणे गातात, त्याची ती धून. मला ते गाणे अमेरिकन वाटत असे. कोकणातली अनेक मुसलमान कुटुंबे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केप टाउन आणि जोहान्सबर्गला जाऊन स्थायिक झाली, हे वाचकांना ठाऊक असेलच. आमचे असेच एक नातेवाईक सुटीत गावी आले होते. भाच्याचे गुणगुणणे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "मामू, ये गाना हमारे जोबर्ग का है. गानेवाले को पूछो, क्या मिला." तेव्हापासून मी या गाण्याच्या मागे लागलो. हाती आली ती दोन गायकवृंदांची कहाणी. दोघांचेही मोठे गाजलेले गाणे एकच, पण त्या गाण्याने दोघांना दिले ते मात्र फार वेगळे.

पहिला वृंद झुलू मजुरांचा. सॉलोमन लिंडा यांचा जन्म १९०९ चा, नाताळ प्रांतातल्या पोमेरॉय परिसरातला. मिशनच्या शाळेत थोडे शिक्षण झाले, लहानपण गुरे राखण्यात गेले. त्या काळच्या हजारो तरुणांप्रमाणे तेही पोटासाठी जोहान्सबर्गला आले. दिवसा नोकरी आणि रात्री गाणे, असा क्रम सुरू झाला. गावाकडच्या मित्रांना घेऊन त्यांनी 'ईव्हनिंग बर्ड्‌स' हा सहा जणांचा संच उभा केला. पट्टेदार सूट, डोक्यावर हॅट, चकचकीत बूट अशा थाटात हे लोक मजुरांच्या वसतिगृहांतल्या गाण्याच्या स्पर्धांना उतरत. एका सुराऐवजी तीन-तीन जणांनी खर्ज धरायचा आणि त्यावर लिंडांनी उंच, जवळजवळ बायकी आवाजात तान सोडायची, ही त्यांची खासियत होती.

लिंडा गॅलो या रेकॉर्ड कंपनीत तबकड्या भरण्याचे काम करत होते. कंपनीच्या माणसाने त्यांचा संच ऐकला आणि १९३९ मध्ये त्यांना स्टुडिओत उभे केले. गाण्याचे नाव होते 'म्बुबे', म्हणजे झुलू भाषेत सिंह. दोन वेळा गाऊन झाले, मनासारखे जमले नाही. तिसऱ्या वेळी गाणे संपत आले असताना लिंडांनी आयत्या वेळी एक सुरावट घेतली. जगाला आज जी धून पाठ आहे, ती हीच. कंपनीने दहा शिलिंग हातावर ठेवले आणि गाण्याचे हक्क स्वतःकडे घेतले. पुढच्या दहा वर्षांत त्या तबकडीच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. वाद्यांशिवाय गाण्याच्या त्या शैलीलाच लोक 'म्बुबे' म्हणू लागले. १९४८ मध्ये ईव्हनिंग बर्ड्‌स विखुरले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकार निवडून आले.

ती तबकडी समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला पोचली. लोकगीते जमवणाऱ्या ॲलन लोमॅक्स यांनी ती पीट सीगर यांच्या हाती दिली. सीगरना झुलू येत नव्हते. कानाला जसे आले तसे त्यांनी उतरवले आणि 'तू सिंह आहेस' या अर्थाच्या झुलू शब्दांचे 'विमोवे' झाले. त्यांच्या 'द वीव्हर्स' या संचाने ते १९५२ च्या सुमारास अमेरिकेत लोकप्रिय केले. रचनाकार म्हणून छापले गेले 'पॉल कॅम्पबेल'. अशा नावाचा माणूसच नव्हता, ते कागदावरचे टोपणनाव होते. सीगर प्रामाणिक मनुष्य होते. त्यांनी लिंडांना एक हजार डॉलर पाठवायला लावले आणि पुढचा वाटाही तिकडे जावा असे सांगितले. पण सांगणे वेगळे आणि करार वेगळा. तो करार आपण करून घेतला नाही, याची खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली.

आता दुसरा वृंद. ब्रुकलिनमधल्या एका शाळेत १९५५ मध्ये काही मुलामुलींनी गाण्याचा गट काढला. पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेला नील सेडाका त्यांत सुरुवातीला होता. तो गेला, इतर आले-गेले आणि शेवटी हँक मेड्रेस, जे सीगल आणि मिच व फिल मार्गो हे भाऊ असे चौघे 'द टोकन्स' म्हणून स्थिर झाले. जे सीगल याने वीव्हर्सचे 'विमोवे' ऐकलेले होते. रेकॉर्ड कंपनीत चाचणी देताना या मुलांनी ते गायले. ह्यूगो पेरेटी आणि लुइजी क्रिएटोरे या निर्मात्यांनी जॉर्ज वाइस यांच्याकडून त्याला इंग्रजी शब्द लिहून घेतले. लिंडांनी तिसऱ्या वेळी आयत्या वेळी घेतलेली ती सुरावट आता गाण्याचा मुख्य मुखडा झाली. 'द लायन स्लीप्स टुनाइट' १९६१ मध्ये तबकडीच्या मागच्या बाजूला आले, कारण त्यावर कोणाचाच फारसा भरवसा नव्हता. खुद्द गाणाऱ्या मुलांनाही ते ओशाळवाणे वाटत होते. डिसेंबरमध्ये मात्र ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि तीन आठवडे तिथे राहिले. रचनाकारांत लिंडांचे नाव नव्हते.

टोकन्सना एवढे यश गायक म्हणून पुन्हा मिळाले नाही. लहानसहान गाणी चालली, पण पहिला क्रमांक तो एकदाच. तरी ते बुडाले नाहीत. एका गाण्याने उघडलेल्या दारातून ते आत गेले आणि निर्माते झाले. 'द शिफॉन्स' या मुलींच्या संचाचे १९६३ चे 'हीज सो फाइन' त्यांनीच घडवले आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेले. त्या गाण्याचे हक्क त्यांनी काढलेल्या 'ब्राइट ट्यून्स' या कंपनीकडे होते.

याच कंपनीने १९७१ मध्ये जॉर्ज हॅरिसनवर दावा लावला. 'हरे कृष्ण'च्या गजरामुळे आपल्याकडेही माहीत असलेल्या त्याच्या 'माय स्वीट लॉर्ड'ची चाल 'हीज सो फाइन'वरून उचललेली आहे, असा तो दावा होता. १९७६ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. नकळत केलेली असली तरी ती नक्कलच, असे ठरले. न्यायालयाने सूर न् सूर मोजून पाहिला. ते योग्यच झाले. पण मला प्रश्न पडतो की लिंडांचे सूर मोजायला कोण बसले होते? टोकन्सच्या पोरांना मी चोर म्हणत नाही. त्यांनी समोर आले ते गायले. बेइमानी कागदावर झाली आणि तो कागद त्यांच्या हातात नव्हता.

सबब नेहमीची होती. हे आफ्रिकेचे लोकगीत आहे, पारंपरिक आहे, कोणा एकाचे नाही. पण मूळ तबकडीवर लिंडांचे आणि त्यांच्या संचाचे नाव छापलेले होते. आपल्याकडेही कव्वालीच्या, लावणीच्या कॅसेटवर 'पारंपरिक' हा शब्द किती सहज छापला जातो! दरवेळी तो खोटा असतो असे नाही. पण त्याच्या मागे एखादा सॉलोमन लिंडा उभा नाही ना, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये लिंडा मूत्रपिंडाच्या विकाराने वारले. खात्यात २५ डॉलरही नव्हते. कबरीवर दगड बसायला आणखी १८ वर्षे लागली. पुढे पत्नीकडून आणि मुलींकडूनही हक्क सोडल्याच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. १९९४ मध्ये 'लायन किंग' आला. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकी पत्रकार रायन मलान यांनी 'रोलिंग स्टोन'मध्ये सगळा हिशेब मांडला. या गाण्याने दीड कोटी डॉलर मिळवले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. दुसऱ्याच वर्षी लिंडांची एक मुलगी एड्सने गेली. औषधाला पैसे नव्हते.

मदतीला आला तो एक जुना इंग्रजी कायदा. १९११ च्या साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्यात असे कलम होते की लेखकाने हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत यावेत. आपला १९१४ चा कायदाही याच कायद्यावर बेतलेला होता. या हिशेबाने १९८७ मध्येच हक्क लिंडांच्या मुलींकडे परतले होते. वकील ओवेन डीन यांनी हे कलम शोधून २००४ मध्ये डिस्नेवर दावा दाखल केला आणि न्यायालयाकडून कंपनीचे मिकी माउससारखे ट्रेडमार्क दक्षिण आफ्रिकेत अटकावून ठेवले. २००६ मध्ये तडजोड झाली. मागचा मोबदला, पुढचा वाटा आणि रचनाकारांत सॉलोमन लिंडा हे नाव, एवढे पदरात पडले. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क सही घेऊनही काढून घेता येणार नाही, अशी सोय केली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आवाज उठवला होता. लिंडांची कहाणी वाचल्यावर ती दुरुस्ती का हवी होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि मी त्यात इथे शिरत नाही. मजुरीबद्दल मात्र वाद नाही. आपण लहानपणापासून ऐकत आलो की अल्लाहचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क वेगळे. नमाज चुकली तर तौबा आहे. पण हुकूक-उल-इबादचे तसे नाही. ज्याचा हक्क मारला त्याने माफ केल्याशिवाय तो हिशेब मिटत नाही, आणि तो माणूसच कबरीत गेला असेल तर वारसांचे दार ठोठवावे लागते. ज्यांनी ते आपणहून ठोठावायला हवे होते, त्यांना कोर्टात खेचावे लागले, तेही सुमारे ४२ वर्षांनी.

भाचा आता मोठा झाला आहे. त्याला मी 'म्बुबे'ची मूळ तबकडी ऐकवली. तो शेवटच्या सुरावटीपाशी थबकला आणि म्हणाला, "मामू, ही तर तीच." मग त्याने नाव विचारले. मी सांगितले आणि लक्षात ठेवायला बजावले.