दंतवैद्यक प्रवेशापूर्वीची गणितनिवड

दहावीनंतर विज्ञान शाखेतून बीडीएसकडे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावीला गणित ठेवावे की सोडावे, याचा निर्णय घ्यावा लागतो. बीडीएस हा दंतवैद्यकाचा चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा अभ्यासक्रम आहे. त्याच्या पात्रतेत बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण हवेत. गणिताचा उल्लेख त्यात नाही. प्रवेश नीट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो आणि तिथेही गणिताची प्रश्नपत्रिका नसते. ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राला, १८० भौतिकशास्त्राला, १८० रसायनशास्त्राला. त्यामुळे ‘डेंटलला जायचे तर गणित कशाला’ हे घरोघरी ऐकू येणारे मत नियमाच्या दृष्टीने बरोबरच आहे. मात्र या मतात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: गुणपत्रिकेवरचा गणित हा विषय आणि हाताला लागणारी आकडेमोड. विषय सोडता येतो. आकडेमोड सोडली तर ज्या नीटसाठी विषय सोडला, तीच परीक्षा अवघड होते.

याचा पुरावा पाठ्यपुस्तकातच आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. व्हेक्टर, डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन यांची तोंडओळख तिथे करून दिली जाते, कारण पुढची गती, गुरुत्वाकर्षण, स्थिरविद्युत ही प्रकरणे त्यावाचून उलगडत नाहीत. गणित घेतलेल्या मुलाला हेच भाग दुसऱ्या तासाला सविस्तर भेटतात; न घेतलेल्याला तेवढ्या पानांवर भागवावे लागते. रसायनशास्त्रात लॉगॅरिदमचे तसेच आहे. बारावी बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल वापरता येते, नीटला टेबलही नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ०.००२ मोलर द्रावणाचा पीएच काढायचा तर २ चा लॉग ०.३०१० हे तोंडपाठ हवे आणि ३ मधून ते वजा करून २.७ हे उत्तर झटकन यायला हवे. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, तेव्हा अंदाजाने खूण करणेही परवडत नाही. हाच लॉग दातांपर्यंत पोचतो. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. ७ वरून ५.५ हा फरक दीडच दिसतो, पण हायड्रोजन आयनांचे प्रमाण त्यात सुमारे ३२ पट वाढते. लॉगचा अर्थ न कळलेल्याला हा दीडचा आकडा किरकोळ वाटेल, आणि गोड खाल्ल्यावर दात का किडतात हे त्याला केवळ पाठ करावे लागेल.

बीडीएसच्या वर्गात शिरल्यावर कॅल्क्युलसचे काम जवळजवळ संपते; प्रमाण, टक्केवारी आणि संख्याशास्त्र यांचे वाढते. भूल देण्याचे लिग्नोकेन दोन टक्क्यांचे असते, म्हणजे १०० मिलिलीटरमध्ये २ ग्रॅम, म्हणजेच दर मिलिलीटरला २० मिलिग्रॅम. मुलांसाठी किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा धरली, तर २० किलोच्या मुलाला ८८ मिलिग्रॅम, म्हणजे ४.४ मिलिलीटर एवढीच जागा उरते. हे सातवी-आठवीचे गणित आहे, पण खुर्चीवर रडणारे मूल असताना ते चुकता कामा नये. सार्वजनिक आरोग्य दंतवैद्यकात बायोस्टॅटिस्टिक्स येते. किडलेले, काढलेले आणि भरलेले दात मोजणारा डीएमएफटी निर्देशांक १९३८ पासून रूढ आहे. त्यावरून दोन गावांची तुलना करायची तर सरासरी, प्रमाण विचलन आणि संभाव्यता समजायला हवी. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही हाच कल दिसतो. अमेरिकेत प्रवेशपरीक्षेत, म्हणजे डॅटमध्ये, संख्यात्मक तर्काचा स्वतंत्र भाग असतो आणि गणिताच्या कोर्सची अट कॉलेजागणिक बदलते. एखाद्या कॉलेजाची वेगळी अट नसेल आणि एकच कोर्स निवडायचा असेल, तर तिथेही संख्याशास्त्र अधिक कामाचे ठरते.

मग गणित हा विषय घ्यायचा कशासाठी? दंतवैद्यकासाठी नव्हे, दंतवैद्यक हुकले तर. पीसीबी, म्हणजे गणिताविना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, घेतलेल्याला बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, बी.फार्म., कृषी आणि जीवशास्त्राच्या बीएस्सी हे मार्ग खुले राहतात. गणित सोडल्याने प्रामुख्याने अभियांत्रिकी, आर्किटेक्चर आणि गणित-संख्याशास्त्राच्या पदव्या दुरावतात. म्हणून खरा प्रश्न हा की, नीटचा निकाल मनासारखा लागला नाही तर विद्यार्थी कुठे वळेल. उत्तर आरोग्य किंवा शेती यांच्याच परिघात असेल, तर गणिताचा पेपर निर्धास्तपणे सोडावा. उत्तर कॉम्प्युटर किंवा सिव्हिल असेल, किंवा उत्तरच ठाऊक नसेल, तर पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, घ्यावे.

यावर आक्षेप असा की, पीसीएमबी म्हणजे दोन्ही डगरींवर हात. नीटचे निम्मे गुण जीवशास्त्राचे. गणिताच्या दोन पुस्तकांत जाणारे तास तिकडे गेले तर गुण वाढतील, असे क्लासवाले सांगतात. हा आक्षेप खोटा नाही आणि यवतसारख्या गावात तो अधिक टोचतो. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या आणि पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या या गावातून उरुळी कांचन, केडगाव, दौंड किंवा हडपसरला रोज ये-जा करणाऱ्याचे तास प्रवासातच जातात, आणि चौथा जड विषय झोपेवर येतो. पण वेळेचा हिशेब एका बाजूने मांडून भागत नाही. गणिताच्या अकरावीच्या पुस्तकांतील त्रिकोणमिती, सरळ रेषा, फलने, डिफरन्सिएशन हे भाग भौतिकशास्त्रालाच उपयोगी पडतात, म्हणजे तो वेळ पूर्ण वाया जात नाही. बारावीतले इंटिग्रेशनचे लांबलचक प्रकार, डिफरन्शिअल इक्वेशन्स यांबाबत मात्र आक्षेप मान्य करावा लागतो; पक्क्या नीट-विद्यार्थ्याला त्यांतून फारसे काही मिळत नाही. दुसरा आक्षेप, गणिताची भीती असलेल्याला ते घ्यायला लावू नये, हा विषयापुरता रास्त आहे. त्या विद्यार्थ्याने पेपर सोडावा, पण अकरावीच्या पहिल्या महिन्यांत लॉग, घातांक, आलेख, त्रिकोणमितीची मूलभूत सूत्रे आणि व्हेक्टर एवढे कोणाकडून तरी नीट शिकून घ्यावे. ज्याची भीती वाटते ते भौतिकशास्त्रात टळत नाही, तिथे फक्त शिकवणारा कमी असतो.

२०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली, त्यामुळे पूर्वी गावच्या कॉलेजात जाऊन होणारा प्रवेश आता पसंतीक्रम भरून होतो. अर्जात शाखा आणि कॉलेज निवडताना त्या कॉलेजात गणित व जीवशास्त्र दोन्ही एकत्र घेता येतात का, आणि अकरावीनंतर विषयबदलाला कोणत्या अटी आहेत, हे प्रत्यक्ष विचारून घ्यावे लागते. काही कॉलेजांत वेळापत्रकच असे असते की एक घेतला की दुसरा सुटतो. तिथे विद्यार्थ्याच्या आधी वेळापत्रकच निवड करून टाकते.