तुर्यासंगीतानंदा : प्रसिद्धीकडे पाठ फिरवलेली अ‍ॅलिस कोल्ट्रेन

आज आधी एक आवाज कल्पून बघा. राम-कृष्णाचं नाव, टाळ्या, खंजिरी. अगदी आपल्याकडच्या सप्ताहासारखं. पण गाणारे अमेरिकन, त्यातले बरेच कृष्णवर्णीय. आणि पेटीच्या जागी चर्चमध्ये वाजतो तसा ऑर्गन. मी हे पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा मला कळेना, याला भजन म्हणायचं की गॉस्पेल? स्क्रीनवर नाव होतं अ‍ॅलिस कोल्ट्रेन तुर्यासंगीतानंदा. आजचा एपिसोड तिच्याबद्दल.

अ‍ॅलिस मॅक्लाउड 1937 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात जन्मली. लहानपणापासून चर्चमध्ये पियानो आणि ऑर्गन वाजवायची. पुढे जॅझकडे वळली, पॅरिसला जाऊन आली. 1963 मध्ये न्यूयॉर्कला तिची ओळख झाली जॉन कोल्ट्रेनशी. हा माणूस म्हणजे त्या काळातला सॅक्सोफोनचा बादशहा. 1957 मध्ये तो हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडला होता आणि तेव्हापासून संगीतातूनच देव शोधत होता. त्याचं 'अ लव्ह सुप्रीम' हे 1964 चं रेकॉर्डिंग त्याच शोधातून आलं. भारतीय संगीताचं तर त्याला वेडच. दोघांच्या एका मुलाचं नाव रवी आहे, पंडित रविशंकरांवरून ठेवलेलं.

लग्नानंतर जॉनच्या बँडमध्ये पियानोवर अ‍ॅलिस आली. तिच्या आधी त्या जागेवर मॅकॉय टायनर होता, मोठा वादक. मग काय, कुजबुज सुरू झाली. बायको आहे म्हणून जागा मिळाली, वगैरे.

आणि 17 जुलै 1967 ला जॉन गेला. यकृताचा कॅन्सर. वय फक्त 40. अ‍ॅलिस 29 वर्षांची. घरात चार मुलं, धाकटा जेमतेम चार महिन्यांचा.

यानंतरची काही वर्षं फार वाईट होती. झोप उडाली, वजन खूप घटलं, विचित्र भास होऊ लागले. तिने स्वतः पुढे या काळाला तपश्चर्या म्हटलंय. आपण आज बहुधा वेगळा शब्द वापरू. पण एक गोष्ट घडली. जॉनने मरण्याआधी एक हार्प मागवली होती. हार्प म्हणजे ते माणसाएवढं उंच तंतुवाद्य. ती आली जॉन गेल्यावर. अ‍ॅलिस ती शिकली, आणि 1968 च्या तिच्या पहिल्या अल्बममध्ये हार्प वाजते. जॅझमध्ये हे फार क्वचित ऐकू यायचं.

याच काळात तिला स्वामी सच्चिदानंद भेटले. हो, 1969 च्या वुडस्टॉक महोत्सवाच्या सुरुवातीला बोलले होते तेच. 1970 च्या शेवटी ती त्यांच्याबरोबर भारतात आली. 'जर्नी इन सच्चिदानंद' हा तिचा अल्बम 1971 चा. त्यात तानपुरा आहे, हार्प आहे, फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन आहे. आज लोक तो डोक्यावर घेतात. तेव्हा मात्र टीका संपली नव्हती. जॉनच्या जुन्या टेप्सवर तिने व्हायोलिनचे थर चढवले, तेव्हा तर चाहते भयंकर चिडले.

तिने वाद घातला नाही. रेकॉर्ड कंपनीसाठी तिचा एक लाइव्ह अल्बम 1978 मध्ये आला, आणि मग 26 वर्षं बाजारात काहीच नाही. लोकांना वाटलं, संपली.

संपली कुठे? ती कॅलिफोर्नियात होती. भगवी वस्त्रं, नवं नाव. तुर्या हा शब्द आपल्याला संतवाङ्मयातून माहीत आहे : जागृती, स्वप्न आणि गाढ झोप यांच्या पलीकडची चौथी अवस्था. 1983 मध्ये तिने लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरात आश्रम उभारला. दर रविवारी ती ऑर्गनवर बसायची आणि सगळे मिळून भजनं म्हणायचे. 1982 मध्ये तिने पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात गाणी रेकॉर्ड केली, तीही संस्कृतात. ती कॅसेटवर निघाली, आश्रमातल्या लोकांसाठी. त्याच वर्षी तिचा थोरला मुलगा अपघातात गेला होता. गाणं थांबलं नाही.

मला इथेच तिची गोष्ट पटते. प्रसिद्धी सोडणारे कलाकार बरेचदा कलाही सोडतात. अ‍ॅलिसने फक्त श्रोता बदलला. आणि गंमत बघा, संस्कृत नामं घेताना डेट्रॉइटच्या चर्चमधली मुलगी तिने पुसली नाही. म्हणून तिची भजनं आपल्यासारखी वाटतात आणि तरीही पूर्णपणे तिचीच असतात.

2004 मध्ये मुलगा रवीच्या आग्रहाने ती एका अल्बमपुरती परतली. 12 जानेवारी 2007 ला ती गेली. 2018 च्या वणव्यात आश्रमाची वास्तूही जळाली. कॅसेटवरची भजनं मात्र 2017 मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि आता फोनवर सापडतात. तुमच्यापैकी जे फ्लाइंग लोटस ऐकतात त्यांच्यासाठी : तो तिच्या बहिणीचा नातू.

आपण पोस्ट टाकली की दहा मिनिटांत लाइक्स मोजतो. मीही मोजतो, खोटं कशाला बोलू! हा एपिसोड टाकल्यावरही मोजेन. पण मोजताना ती रविवारची खोली आठवेल. कॅमेरा नाही, तिकीट नाही, आणि जॅझमधल्या सर्वांत गाजलेल्या घराण्यातली एक बाई जमलेल्या थोड्या लोकांसाठी जीव ओतून वाजवतेय.

आज रात्री दिवे मालवून 'तुर्या सिंग्ज' लावा. कसं वाटलं, ते मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!