जळकोटच्या शेवया आणि जपानी याकिसोबा

नळदुर्गाहून उमरग्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर जळकोट हें गांव लागतें. वैशाखाच्या उन्हांत तेथील कांहीं माळवदांवर अजूनहि जुनीं लुगडीं अंथरून शेवया-कुरडया वाळत घातलेल्या दिसतात. त्याच घरांतील मुलें संध्याकाळीं ‘नूडल्स’ मागतात, आणि वडील मंडळी तें परकें खाणें म्हणून नाक मुरडतात. मुलांस घरची शेवई गांवढळ वाटते, वडिलांस बाहेरची शेवई बाटगी वाटते. आमच्या घरीं परवां शेवयांचा जपानी पद्धतीचा याकिसोबा केला, तेव्हां हाच वाद पानावर बसल्याबसल्या पेटला; म्हणून हें टिपण.

प्रथम नांवाचा घोळ पाहूं. ‘याकि’ म्हणजे भाजलेलें वा परतलेलें. ‘सोबा’ म्हणजे कुट्टू व त्याच्या पिठाच्या शेवया. परंतु याकिसोबांत कुट्टूचा कणहि नसतो. चिनी तऱ्हेच्या गव्हाच्या शेवयांस जपानांत ‘चिनी सोबा’ म्हणूं लागले, पुढें विशेषण गळालें आणि धान्य बदलूनहि नांव राहिलें. त्यावर घालावयाचा आंबटगोड काळसर रस हा तर इंग्रजांच्या वूस्टर सॉसचा जपानी अवतार. चिनी कणीक, इंग्रजी रस आणि जपानी लोखंडी तवा असा हा संसार आहे. ज्याच्या घरीं तो जन्मला तेथेंच सोंवळें नाहीं, तर जळकोटांत तें कोणी पाळावें?

आतां आपली शेवई. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त ‘सेविका’ येते: गव्हाच्या सपिठाच्या बारीक वाती करून वाळवाव्या, दुधांत शिजवाव्या आणि तूपसाखरेबरोबर खाव्या. जळकोटचा रस्ता पुढें ज्या कल्याणीच्या बाजूस जातो, तेथें चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ सुमारें ११३१ मध्यें सिद्ध झाला, आणि त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत गव्हाचे मांडे वर्णिले आहेत. गव्हाची कणीक तिंबून तिला हवा तो आकार देण्याची कला या मुलखास नवी नव्हे. मात्र यावरून जपानी शेवई आमच्या शेवईची लेक, असें म्हणण्याचा मोह आवरावा. सारखेपणा दिसला कीं कूळ काढावयाचें, ही आपल्याकडील जुनी खोड आहे.

खरा प्रश्न निराळाच आहे. कणीक तीच, वाती त्याच. मग आमची शेवई दुधागुळांतच कां राहिली आणि तेथील शेवई रस्त्यावरच्या तव्यावर कां चढली? आमच्या मतें याचें उत्तर धान्याच्या मानापमानांत आहे. हा मुलूख ज्वारीचा. रोजची भूक भाकरीनें भागवावयाची. गहूं सणाचा, पाहुण्याचा. म्हणून शेवई हिंदूंच्या घरीं खिरींत गेली, मुसलमानांच्या घरीं ईदेच्या शीरखुर्म्यांत. दोन्ही घरीं ती गोडच. मानाच्या धान्यास तिखटमीठ लावून कोण परतील? जपानांत उलट घडलें. तेथें मान तांदुळाचा. याकिसोबा टोकियोंतील आसाकुसा भागांत महायुद्धापूर्वींहि मिळे. पण १९४५ नंतर तांदूळ दुर्मिळ झाला, अमेरिकेचें पीठ आलें, आणि थोड्या शेवयांत कोबीची भर घालून पोट भरण्याची ही युक्ति देशभर फोफावली. १९५४ च्या अमेरिकन कायद्यानें शिलकी धान्य बाहेर पाठविण्याचें ठरलें. तें जपानांत गेलें, तसेंच १९५६ च्या करारानें हिंदुस्थानांतहि आलें. आमच्याकडे मात्र परदेशी धान्य म्हटलें कीं १९७२ च्या दुष्काळांतील तांबडी मिलोच आठवते. तिची भाकरी ज्यांनीं खाल्ली, त्यांनीं ती प्रेमानें खाल्ली असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां कृति. चिनी पद्धतीच्या कणकेंत खार घालतात. त्यानें शेवई पिवळसर होते व तिला चिवटपणा येतो. हा खार आमच्या पापडखाराचाच भाऊबंद. शेवया घरीं आधींच वाळवून ठेविलेल्या असल्यानें आम्हीं लिटरभर उकळत्या पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा टाकून त्यांत त्या शिजविल्या, आंत थोडी कणी असतांच उपसल्या, थंड पाण्यानें धुतल्या आणि तेलाचा हात लावला. तवा चांगला तापवून कांदा, गाजर व पुष्कळसा कोबी मोठ्या आंचेवर परतला, मग शेवया घातल्या. रसासाठीं चिंचेचा कोळ, गूळ, सोया सॉस व मिरपूड. चिंच ही आमची पदरची भर नव्हे. मूळ वूस्टर सॉसांतच ती असते. रस शेवटीं, तव्याच्या कडेनें सोडावा, म्हणजे तो किंचित् करपून वास सुटतो. एका वेळीं दोघांपुरतेंच करावें. तवा भरून टाकला तर शेवया परतल्या न जातां वाफतात.

एक चूक मात्र सांगितली पाहिजे. पहिल्या खेपेस आम्हीं हातशेवया घेतल्या. केसासारख्या बारीक त्या, सोड्याच्या पाण्यांत क्षणांत विरघळून त्यांचा गोळा झाला. दुसऱ्या खेपेस यंत्रावरच्या जाड, न भाजलेल्या शेवया घेतल्या, त्या उत्तम उतरल्या. हातशेवया आतां वळणारे हात थोडे उरले आहेत; डब्यांत होत्या तेवढ्या आम्हीं पुन्हा दुधासाठीं ठेवून दिल्या.