घरच्या घरी वसंताची आरास



वणी तालुक्यातल्या राजूरचं नाव निघालं की माणसं दोन गोष्टी सांगतात. एक दगडी कोळसा आणि दुसरी चुना. एक काळी, एक पांढरी. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळशाचा पट्टा या अंगानं जातो, आणि जवळच चुनखडीचा दगडही सापडतो. तो भाजून चुना करणाऱ्या राजूरच्या भट्ट्या पंचक्रोशीत जुन्या ओळखीच्या आहेत. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ सालापर्यंत वणीच्याच नावानं ओळखला जाई, हे आपल्या शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

पण आज बोलायचं आहे ते फाल्गुन-चैत्रात घरोघर होणाऱ्या आराशीबद्दल आणि त्या दिवसांत एकमेकांना द्यायच्या लहानसहान वस्तूंबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यात कोळसा न् चुना कशाला आणला? दोघांचाही संबंध आहे, आणि कोळशाचा तर मोठा चमत्कारिक आहे. त्याकडे येतोच.

या वस्तूंचा इतिहास लिहिणं अवघड. राजाचं दानपत्र तांब्यावर कोरलं जातं, देवळाचा दगड हजार वर्षं उभा राहतो. शेणाची चाकोली मात्र होळीत जळते. अंगणातली रांगोळी दुपारच्या वाऱ्यानं जाते, अंगावरचा रंग विहिरीवर धुतला जातो, आणि दारावरचं तोरण सुकलं की बकरी खाते. केलेली वस्तू उरतच नाही. म्हणून तिचा माग जुन्या ग्रंथांतल्या एखाद्या उल्लेखात, एखाद्या शब्दात किंवा आजीच्या हातात शोधावा लागतो.

पहिला माग रंगाचा. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह आपल्या प्रदेशातल्या खेड्यापाड्यांचं जुनं चित्र आहे. त्यात फाल्गुनातल्या उत्सवाचा आणि त्या दिवशी अंगाला फासलेल्या चिखलाचा उल्लेख येतो. म्हणजे धुळवडीला एकमेकांना चिखलात लोळवणारी आपली पोरं काही नवीन करीत नाहीत! पुढे सातव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकात वसंतोत्सवातल्या सुगंधी चूर्णाचं आणि पाणी उडवणाऱ्या शिंगांचं वर्णन आहे. ते राजवाड्यातलं. चिखल गावातला. खेड्यातल्या माणसाला केशर-कस्तुरी कुठली मिळणार? त्याला मिळाला पळस.

पळसाला पानं तीनच, ही म्हण आपण निराशेनं म्हणतो, कुठंही जा, तीच गत, अशा अर्थानं. पण या झाडाइतकं घराच्या उपयोगी पडणारं झाड माळरानावर दुसरं नाही. पानांच्या पत्रावळी होतात. मुळ्या ठेचून, त्यांचे तंतू मोकळे करून बांधले की भिंतीला चुना द्यायचा कुंचा तयार होतो. आणि फाल्गुनात पानं गळून झाड नुसत्या फुलांनी पेटतं, तेव्हा ती फुलं टोपलीभर वेचून आणायला कोणाला पैसा द्यावा लागत नाही.

रंग करण्याची रीत अशी. फुलं देठापासून सोडवून रात्रभर पाण्यात भिजत घालायची, किंवा मोठ्या भांड्यात उकळायची. सकाळी फडक्यातून गाळलं की पिवळा रंग उतरतो. आता इथं चुना येतो. त्या पाण्यात चुन्याची निवळी थोडी थोडी घातली की पिवळ्याचा केशरी होतो, डोळ्यांदेखत. आंबट घातलं की रंग पुन्हा उजळतो. रसायनशास्त्राचा हा पाठ आपल्या आज्या-पणज्या पाटीवर न शिकता करीत होत्या. मात्र निवळी म्हणजे चुना तळाला बसल्यावर वर राहिलेलं स्वच्छ पाणी. भट्टीतून आलेली चुनकळी पाण्यात टाकली की तिला उकळी फुटते. ती डोळ्यांत उडाली तर नजर जाते. ते काम मोठ्या माणसाचं, पोरांचं नव्हे.

आता कोळसा. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवता येतं का ते पाहत होता. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या द्रव्यावर त्याचे प्रयोग चालले होते. क्विनाइन काही झालं नाही, पण भांड्याच्या बुडाशी जांभळा रंग सापडला. त्यामागोमाग युरोपात कोळशाच्या डांबरापासून लाल, हिरवे, पिवळे असे रंगांचे कारखानेच्या कारखाने उभे राहिले. पुढे तीच पूड पुड्या बांधून आपल्या आठवडी बाजारात आली. चिमूटभर घेतली की बादलीभर रंग. ना फुलं वेचायला नकोत, ना रात्रभर भिजवायला नको. ज्या मातीच्या वर पळस फुलतो आणि खाली कोळसा आहे, तिथंच कोळशाच्या लेकरानं पळसाला मागं सारलं, असं म्हणायला हरकत नाही.

मी नव्याला शिव्या देत नाही. पुडीचा रंग स्वस्त होता आणि गडद होता, म्हणून तो लोकांनी घेतला. पण त्यातले काही रंग कापडासाठी बनवलेले, अंगासाठी नव्हेत. कातडीला नि डोळ्यांना त्यांचा त्रास होतो, हे आता सर्वांना कळलं आहे. दुसरं नुकसान मोजता येत नाही. फुलं वेचायला चार घरची पोरं एकत्र जात. ज्याच्या घरी पैसा नाही तोही टोपली भरून आणी, आणि त्याच टोपलीतून शेजारच्या श्रीमंताच्या घरी रंग जाई. पुडीचं तसं नाही. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या हातात पुडी, आणि बाकीच्यांनी बघत राहायचं.

हाच हिशेब चाकोल्यांचा. विदर्भात होळीच्या आधी आठ-पंधरा दिवस मुलं शेणाच्या लहान लहान चकत्या थापतात, मधे बोटानं भोक पाडतात, वाळवतात आणि सुतळीत ओवून माळ करतात. कोणी गोल करतो, कोणी चंद्रकोर, कोणी पानाचा आकार. होळीच्या संध्याकाळी ती माळ होळीला घालायची. पंधरा दिवसांच्या कामाची दहा मिनिटांत राख! पण मुलांना त्याचं वाईट वाटत नाही, हे मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

त्याच दिवसांत बाजारात साखरेच्या गाठी लटकू लागतात. मामा-मावशी, शेजारीपाजारी लहान मुलाच्या गळ्यात गाठी घालतात, आणि पुढे पाडव्याला तीच गाठी गुढीला बांधतात. गाठी घरी करणं सोपं नाही. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर पाक ओतावा लागतो, आणि पाक जरा इकडचा तिकडे झाला की सगळंच फसतं. ते काम हलवायाचं. घरी करायची तर खारका, खोबऱ्याचे तुकडे आणि बत्तासे सुईदोऱ्यानं ओवून माळ करावी. मुलाला गळ्यात काय आहे याच्याशी मतलब नसतो, त्यातलं किती खाता येतं याच्याशी असतो.

गुढी हा शब्द मराठीत फार जुना. ज्ञानेश्वरीत तो आहे, चोखामेळ्याच्या अभंगात आहे. तिथं त्याचा अर्थ आनंदाची, विजयाची उभारलेली खूण असा आहे. गुढीचं सामान पाहा: वेळूची काठी, घरातलंच एक लुगडं किंवा खण, तांब्या, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं. यात विकत आणायचं काय? एक गाठी सोडली तर काहीच नाही. सण संपला की काठी माळ्यावर, तांब्या पाणवठ्यावर. त्याआधी घराला चुना दिलेला असे, आणि इथं राजूरची भट्टी पुन्हा कामाला येई. कुंचा पळसाचा, चुना गावचा, सारवण घरच्या गाईचं.

मग चैत्रातली गौर. शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत तिचे दिवस. अंगणात चैत्रांगण काढायचं, त्यात झोक्यातली गौर, सूर्य, चंद्र, तुळस, शंख, गाईची पावलं. जमिनीवर कोरड्या पुडीनं चित्र काढण्याला जुन्या ग्रंथांत धूलिचित्र म्हटलं आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चित्रांच्या प्रकारांत त्याचं नाव येतं. आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या ओटीत काय, तर मूठभर भिजवलेले हरभरे. नुकतेच खळ्यावरून घरात आलेले. सोबत कैरीची डाळ आणि पन्हं. देणारीला ओझं नाही, घेणारीला उपकार नाही.

पण खरं ते सांगितलं पाहिजे. त्या हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं नसे. आणि कोणी कोणाच्या अंगणात किती पुढे यायचं, हेही गावानं ठरवून टाकलेलं होतं. भिंतीला चुना देणाऱ्या हातांना त्याच भिंतीच्या आत पन्हं मिळत नसे. वेळू तासणारे बुरड, मडकी घडवणारे कुंभार यांच्या वस्तू आराशीत असत, माणसं बाहेर असत. जुन्या सणांचं कौतुक करताना हे झाकून ठेवलं तर तो इतिहास होणार नाही.

म्हणूनच चैत्राच्या या दिवसांत आपल्या बाजूला एक नवी आरास आली, तिची नोंद इतिहासात ठळक व्हायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती सार्वजनिक रीतीनं पहिल्यांदा साजरी झाली ती १९२८ साली पुण्यात, जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकारानं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि विदर्भातल्या गावोगावी १४ एप्रिल हा घराघराचा सण झाला. घरं रंगवायची, निळे झेंडे लावायचे, पंचरंगी पताका सोडायच्या. त्या पताका कितीतरी वस्त्यांत घरीच झालेल्या. पतंगी कागदाचे ताव आणायचे, घडी घालून त्रिकोणी कापायचे, मैद्याची खळ शिजवायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात सुतळीला एकेक पताका चिकटवत बसायचं. खळीत मोरचूद घालतात ते झुरळ-उंदरांनी कागद खाऊ नये म्हणून. पण मोरचूद विषारी, लहान मुलांच्या हाती देऊ नये. ज्यांना दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांनी स्वतःचा रस्ता स्वतःच्या हातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सजवला. हस्तकलेचा एवढा मोठा अर्थ मला दुसऱ्या कुठल्या सणात दिसत नाही.

आता शिक्षक मंडळींसाठी थोडं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण, हा गांधीजींचा विचार तिथून देशभर गेला. पुढे शाळांत तो कार्यानुभव या नावाच्या तासाला येऊन टेकला, आणि पुष्कळ ठिकाणी त्या तासाला मुलं विकतच्या कागदाची विकतच्या डिंकानं फुलं करतात. त्याऐवजी फाल्गुनात एक दिवस वर्ग माळावर न्यावा. फुलं जमिनीवर पडलेलीच वेचावी, झाड ओरबाडू नये. अर्धी फुलं ताजी भिजवावी. एका वाटीत नुसता रंग, एकीत निवळी, एकीत लिंबू, एकीत तुरटी, अशा चार वाट्या मांडून पांढऱ्या चिंध्या बुडवाव्या आणि वाळल्यावर वहीत चिकटवाव्या. उरलेली फुलं सावलीत वाळवून कापडी पिशवीत, कोरड्या जागी टांगून ठेवावी. त्याच वहीत मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून आणावं: तुमच्या लहानपणी या दिवसांत घरात काय काय करीत, ते कोणाला देत, आणि कोणाला देत नसत.